निर्णय २:१०, बाळ ३:२१ : रात्रीच्या तातडीच्या सिझरचा वेळ कसा कमी करायचा?

रात्रपाळी_सिस्टर

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर, नर्सेस आणि इतर बरेच जाणकार आहेत म्हणून धागा काढतेय. मी एका तालुक्याच्या गावी उपजिल्हा रुग्णालयात लेबर रूमची इन्चार्ज आहे. गाव-जिल्हा सांगत नाही, विचारू नका. पेशंटचे तपशीलही जरा फिरवून लिहिलेत.

आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम क्वार्टरमध्येच राहतात. भुलीचे सर गावात प्रायव्हेट प्रॅक्टिस करतात, आमच्याकडे कॉलवर येतात. बाळांचे डॉक्टर आहेत. लेबर रूम तळमजल्यावर आणि ओटी पहिल्या मजल्यावर (हा नकाशा ज्यानं काढला त्याच्या घरी कधी बाळंतपण झालं नसावं). रक्तपेढी जिल्ह्याला, आमच्याकडे फक्त साठवण केंद्र. कागदावर आम्ही एफआरयू, म्हणजे चोवीस तास सिझर होणारं ठिकाण. भिंतीवर 'लक्ष्य'चे (लेबर रूम सुधारण्याचा सरकारी कार्यक्रम) तक्ते आहेत, तपासणीला मार्कही चांगले पडतात. दिवसा सिझर ठरलं तर पाऊण तासाच्या आत बाळ हातात येतं. रात्री मात्र गाडं अडतं.

अडलं की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "भुलीचे सर वेळेवर येत नाहीत." हे खरं की खोटं ते बघावं म्हणून मी केसपेपरच्या मागे एक कोरा कागद लावायला लागले. कोण काय करतंय ते आणि वेळ, एवढंच लिहायचं. वेळ भिंतीवरच्या एकाच घड्याळाची, कारण प्रत्येकाचा मोबाईल वेगळा आणि मग त्यावरूनच भांडणं. त्यातला एका रात्रीचा कागद देते.

पहिलटकरीण, पाणी हिरवं गेलेलं, बाळाचे ठोके ९० वर आले आणि वर चढेनात. २:१० ला मॅडम म्हणाल्या सिझर. मग नवऱ्याची शोधाशोध. तो स्टँडवर चहाला गेला होता, त्याचा मोबाईल सासूच्या पिशवीत. २:२६ ला सही. २:२९ ला भुलीच्या सरांना फोन. २:३१ ला रक्ताचं सॅम्पल लॅबकडे, पण टेक्निशियन घरी, त्याला वेगळा फोन. ओटीची किल्ली ज्या मामांकडे असते ते कॅज्युअल्टीत ड्रेसिंगला मदत करत होते, ओटी उघडली २:४१ ला. २:४६ ला सरांची गाडी गेटमध्ये. पेशंट टेबलावर २:५८ ला. मधली बारा मिनिटं सर हात धुऊन उभे, आणि आम्ही खाली लिफ्टपाशी, कारण लिफ्टमध्ये ट्रॉली जाते पण सलाईनचा स्टँड लावला की दार बंद होत नाही. मग "रक्त आहे ना?" या प्रश्नाचं उत्तर यायला दहा मिनिटं. ३:२१ ला बाळ. उशिरा रडलं, एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) ठेवावं लागलं, आता बरं आहे.

म्हणजे सर यायला सतरा मिनिटं लागली. पण त्यांना फोनच निर्णयानंतर एकोणीस मिनिटांनी गेला.

आता दुसरा कागद बघा. तेच रुग्णालय, तीच लिफ्ट, पहाटेची वेळ. पाणी जाताच नाळ बाहेर आली. आमच्या एका सिस्टरनं हात आत घालून बाळाचं डोकं वर ढकलून धरलं आणि तशीच गुडघ्यांवर ट्रॉलीवर चढली. मी फोली (लघवीची नळी) घालून मूत्राशयात अर्धा लिटर सलाईन सोडलं, म्हणजे डोकं खाली दाबायला नको. त्या रात्री कोणी कोणाला शोधलं नाही. एकानं सरांना फोन लावला, तोवर दुसऱ्यानं कुलूप उघडलेलं, मावशींनी लिफ्ट पायानं अडवून धरलेली. सही बाईनंच ट्रॉलीवर केली. निर्णय ते बाळ २६ मिनिटं. ती सिस्टर ओटीच्या हिरव्या कापडाखाली बाळ निघेपर्यंत हात तसाच धरून बसली होती. नंतर तिची बोटं सरळ होईनात.

तर माझा प्रश्न असा. नाळ डोळ्याला दिसते म्हणून सगळे पळतात. ठोके पडलेले कोणाला दिसत नाहीत. पोस्ट वाढवून मागायच्या नाहीत (मागून झाल्यात), बिल्डिंग बदलता येणार नाही. आहे त्या माणसांत दुसऱ्या कागदासारखं काम पहिल्या केसला कसं करून घ्यायचं? तुमच्याकडे काय करता?

भूलवाला

सिस्टर, तुमचा कागद माझ्या बायकोला वाचून दाखवला. वीस वर्षं ती सांगतेय की लोक तुम्हाला उगाच बोलतात.

मीही असाच कॉलवर जाणारा. माझी मागणी एकच, फोनवर नीट बोला. रात्री दोनला फोन येतो: "सर, सिझर आहे, या." यातून मला काय कळणार? नाळ बाहेर आलीय की आधीचं सिझर आहे आणि कळा सुरू झाल्यात? पहिल्यासाठी मी बनियनवर निघेन, दुसऱ्यासाठी चूळ भरून, कपडे बदलून येईन. यासाठी लुकासची चार वर्गांची विभागणी आहे, जगभर वापरतात. पहिला वर्ग म्हणजे आईच्या किंवा बाळाच्या जिवाला आत्ता, या क्षणी धोका. दुसरा म्हणजे त्रास आहे पण लगेच जिवावर बेतलेलं नाही. ब्रिटनच्या 'नाइस'च्या मार्गदर्शिकेत पहिल्या वर्गाला शक्यतो ३० मिनिटांत आणि दुसऱ्याला शक्यतो ७५ मिनिटांत बाळ बाहेर असावं असं म्हटलंय. तुमची २:१० ची केस पहिल्या वर्गातली होती. फोनवर पहिला शब्द तोच हवा: "पहिला वर्ग, ठोके ९०." मग बीपी, हिमोग्लोबिन, शेवटचं कधी खाल्लं, बीपीची केस असेल तर प्लेटलेट. वीस सेकंदांत होतं.

आणि दर सिझरला 'पहिला वर्ग' म्हणू नका. तसं केलंत तर तीन महिन्यांत त्या शब्दाला काडीची किंमत उरणार नाही.

दुसरं जरा कडू आहे. ते ३० मिनिटांचं प्रमाण विभागाचं काम तपासण्यासाठी आहे, एकेका केसमध्ये कोणाला धारेवर धरायला नाही. घाईत पूर्ण भूल द्यायची, शेजारी श्वासनळीची ट्यूब हातात देणारं शिकलेलं माणूस नाही, पेशंट पोटभर वरण-भात जेवलेली. अशात बाळ वाचवताना आई जाते. मला पाच मिनिटं स्पायनलला (पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल) मिळाली तर मी ती घेणारच. ती वाचवू नका. माझ्या आधीची एकोणीस वाचवा.

चाकणकर

मी डॉक्टर नाही, चाकणला प्लांटमध्ये आहे. पण वाचून राहवलं नाही. आमच्याकडे मशीनचा डाय बदलताना हाच घोळ असायचा. मशीन बंद करायचं आणि मग पाना शोधायला निघायचं. उपाय असा की मशीन चालू असतानाच जे करता येतं ते सगळं आधी करून ठेवायचं, बंद केल्यावर फक्त तेवढंच करायचं जे बंद असतानाच होतं. तुमच्या यादीत सॅम्पल, किल्ली, सही आणि लिफ्ट, चारही गोष्टी निर्णयाच्या आधी होऊ शकतात असं बाहेरून तरी दिसतंय. चुकत असेन तर सांगा.

फोनचं म्हणाल तर व्हॉट्सॲप ग्रुप करा, एक मेसेज टाकला की सगळ्यांना एकदम.

सुमनताई_निवृत्त

चाकणकर, पहिलं म्हणणं लाखाचं, दुसरं केराच्या टोपलीत टाका. रात्री दोन वाजता ग्रुपवर निळी टिक दिसते, माणूस दिसत नाही. रेंज नसते, फोन सायलेंटवर असतो, आणि सकाळी प्रत्येक जण म्हणतो मला वाटलं दुसरा गेला. समोरच्याच्या तोंडून "निघालो" ऐकू आलं पाहिजे.

सिस्टर बाळ, मी छत्तीस वर्षं नोकरी करून मेट्रन म्हणून रिटायर झाले. आमच्याकडे काय केलं ते सांगते, पटेल ते घे.

फोन लेबर रूमनं करायचेच नाहीत. लेबर रूमनं एकच फोन करायचा, कॅज्युअल्टीला. तिथे रात्रभर माणूस जागा असतो. त्याच्यासमोर काचेखाली कागद: भुलीचे, बाळांचे, ओटी सिस्टर, लॅब, लिफ्टचे मामा. तो एकेकाला लावणार, समोर टिक करणार. तुझे हात पेशंटला मोकळे. हे जमायला आम्हाला सहा महिने गेले, कारण कॅज्युअल्टीचं म्हणणं हे आमचं काम नाही. शेवटी अधीक्षकांनी लेखी ऑर्डर काढली तेव्हा कुठे.

किल्ली माणसाच्या खिशात ठेवायचीच नाही. लेबर रूममध्ये काचेच्या छोट्या पेटीत, संध्याकाळच्या ओव्हरला (पाळी बदलताना) दोन्ही सिस्टरांनी बघून रजिस्टरवर सही. त्याच वेळी वर जाऊन सिझरचा सेट निर्जंतुक आहे का, ऑक्सिजन आहे का, बाळाचा वॉर्मर लागतो का ते बघायचं. रक्तगट आणि क्रॉसमॅचचं सॅम्पल कळांची बाई दाखल झाली की तेव्हाच. लिफ्टसाठी आम्ही स्टँडच काढून टाकला, ट्रॉलीलाच सळई वेल्ड करून घेतली. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्यानं पैसे घेतले नाहीत, त्याची सून आमच्याकडेच बाळंत झालेली.

आता सही. हे मोठ्यानं लिहिते कारण निम्म्या स्टाफला ठाऊक नसतं. बाई सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती तिचीच. नवऱ्याची सही कायद्याला लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली प्रकरणातला २००८ चा निकाल आहे. तिथे पेशंट भुलीखाली असताना आईची सही घेऊन पुढचं मोठं ऑपरेशन केलं होतं, कोर्टानं ती संमती धरली नाही. पेशंट बोलू शकत नसेल आणि जिवावर बेतलं असेल तर थांबायचं कारण नाही. नवरा, सासू यांना सांगावं, नीट सांगावं, पण त्यांना शोधण्यासाठी ट्रॉली थांबवू नये. त्यात पहिलटकरणीला दाखल करतानाच "वेळ पडली तर सिझर लागेल" हे समजावून ठेवलं तर रात्री दोनला कोणाला धक्का बसत नाही.

आणि तो तुझा कागद सांभाळ. उद्या साहेबाच्या हाती पडला की त्यावरून मेमो निघतील, आणि परवापासून सगळ्या कागदांवर ठरवून २९ मिनिटं लिहिली जातील. कागदावर नावं नकोत. केरळात प्रसूतितज्ज्ञांची संघटना २००४ पासून मातामृत्यूंची गोपनीय छाननी करते, त्यात ना डॉक्टरचं नाव ना हॉस्पिटलचं. म्हणूनच तिथे लोक खरं सांगतात.

सातपुडा_१०८

मी १०८ वर डॉक्टर आहे, नंदुरबार भागात. ताई, तुमचं घड्याळ निर्णयापासून सुरू होतं. आमचं पाड्यावरून. धडगाव, अक्कलकुव्यात काही पाड्यांना अजून रस्ता नाही, बाईला झोळीत घालून माणसं डांबरीपर्यंत आणतात, तिथून आम्ही. उशीर तीन ठिकाणी होतो असं शिकवतात ना: घरातून निघायला, पोचायला आणि पोचल्यावर. पहिल्या दोनसाठी माहेरघर आहे, दिवस भरत आले की बाईनं आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं. ज्या येतात त्यांचं भलं होतं. पण घरी मागे दोन पोरं, शेळ्या आणि पेरणी असली की येत नाहीत.

मला राग येतो तो तिसऱ्या उशिराचा, कारण तो टाळता येतो. दोन तास घाट उतरून आणायचं, मी गाडीतून फोन करून सांगायचं की बीपी १७०/११० आहे, झटका येऊन गेलाय, मॅगसल्फचा (झटक्यावरचं औषध) पहिला डोस दिलाय, आणि दारात कोणीतरी म्हणतं, "आधी केसपेपर काढून या." कुठलं हॉस्पिटल ते जाऊ द्या. आमचा फोन कोण घेतं, तो कुठे लिहितं, आणि लेबर रूमला कोण कळवतं? सुमनताईंच्या काचेखालच्या कागदावर हेही घाला. केसपेपर नातेवाईक काढतील, ट्रॉली सरळ आत गेली पाहिजे.

आणखी एक. तुमच्याकडे त्या रात्री होणार नसेल (सर गावाला गेलेत, रक्त नाही) तर ते संध्याकाळीच आमच्या लोकांना सांगून ठेवा. पेशंट आणल्यावर तासाभरानं "पुढे न्या" ऐकण्यापेक्षा मी गाडी सरळ जिल्ह्याला घालीन.

बाहेर_उभा_असलेला

पेशंटच्या नवऱ्याच्या बाजूनं दोन ओळी. चहाला गेलेला तो मीही असू शकलो असतो. संध्याकाळपासून "वेळ आहे अजून" एवढंच ऐकलेलं असतं. मग अचानक सगळे पळायला लागतात, दार बंद होतं आणि तासभर कोणी काही बोलत नाही. माणूस आरडाओरडा करतो तो तेव्हा. एका मावशीला जरी नेमलं की तिनं बाहेर येऊन इतकंच सांगायचं, बाळाचे ठोके कमी झालेत, वर नेलंय, इथेच थांबा, तरी खूप झालं.

रात्रपाळी_सिस्टर

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

किल्लीची पेटी आजच मागवली, स्टेशनरीवाल्याकडे मिळाली. सॅम्पलचं मॅडमना पटलं, लॅबला नाही. त्यांच्या मते किट वाया जातात. त्यांच्याशी भांडण चालू ठेवते. सहीचा निकाल छापून डॉक्टर रूममध्ये लावला, त्यावर एका डॉक्टरांनी विचारलं की उद्या नातेवाईकांनी मारलं तर सर्वोच्च न्यायालय येणार का. उत्तर माझ्याकडे नाही. बाहेर_उभा_असलेला यांची मावशी हेच त्यावर औषध असावं, आमच्या एक मावशी बोलायला फर्मास आहेत. सातपुडा, तुमचा मुद्दा झोंबला. आमच्याकडे १०८ चा फोन आला की जो उचलेल तो खरडतो, कधी हातावर.

भूलवाला सर, 'पहिला वर्ग' ठरवायचा कोणी? मॅडम क्वार्टरवरून येईपर्यंत पाच-सात मिनिटं जातात. नाळ बाहेर आली तर सिस्टरनं थेट तुम्हाला बोलावलेलं चालेल का?

सुमनताई, ड्रिल कसं घ्यायचं? आणि सिझर राहू दे, बाळंतपणानंतर अंगावरून जायला लागलं की सामान गोळा करतानाच निम्मा जीव जातो. त्याची पेटी कशी लावता?

भूलवाला

चालेल नाही, बोलवाच. चार गोष्टी लिहून काढा: नाळ बाहेर, ठोके पडून वर न येणं, भरमसाट रक्तस्राव, आधीच्या सिझरचा टाका उसवल्याची शंका. यांत सिस्टरचा शब्द तोच निर्णय. मॅडमची त्या कागदावर एकदा सही घ्या म्हणजे रात्री वाद नको. मी येऊन परत गेलो तर पेट्रोल माझं.

सुमनताई_निवृत्त

ड्रिल न सांगता घ्यायचं, रात्री, आणि पेशंट म्हणून आपल्यातलीच एखादी सिस्टर झोपवायची. बाहुलीवर कोणी घाई करत नाही. पहिल्यांदा सगळे हसतात, हसू दे.

पेटी: लाल प्लॅस्टिकची, झाकणाला कुलूप नको, कागदी पट्टी चिकटव. पट्टी फाटलेली दिसली की भरून ठेवायची. आत १६ नंबरचे करडे कॅन्युला (शिरेत लावायची सुई) दोन, आरएल सलाईन, ब्लड सेट, सॅम्पलचे बल्ब, फोली, कोपरापर्यंतचे हातमोजे, कंडोम आणि दोरा (ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांची युक्ती, फोलीला कंडोम बांधून गर्भाशयात सलाईननं फुगवायचा), आणि रक्तस्राव थांबवायची औषधं: मिझोप्रोस्टॉल, ट्रॅनेक्झामिक ॲसिड, ऑक्सिटोसिन, कार्बोप्रोस्ट, मेथर्जिन.

रेसिडेंट_दादर

ताई, यात रक्त मोजायचा ड्रेपही घाला, बाळंतिणीखाली लावायची खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी असते ती. डोळ्यांनी अंदाज केला की आपण हमखास कमी धरतो. २०२३ मध्ये ई-मोटिव्ह नावाचा अभ्यास आला, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांतला. ड्रेपनं मोजायचं आणि गर्भाशयाचा मसाज, औषधं, सलाईन, तपासणी हे एकामागून एक न करता एकदम करायचं. जास्त रक्तस्राव, ऑपरेशन किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झालं. ट्रॅनेक्झामिक बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं.

भूलवाला

सुमनताई, एक दुरुस्ती. ऑक्सिटोसिन, कार्बोप्रोस्ट आणि मेथर्जिन पेटीत नको, २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे. एप्रिल-मे मध्ये पेटीतलं ऑक्सिटोसिन म्हणजे पाणी. फ्रिजच्या दारात एका डबीत तिन्ही ठेवा, पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात "फ्रिज!" लिहा. त्याच डबीवर दम्याच्या पेशंटला कार्बोप्रोस्ट नाही आणि बीपीवालीला मेथर्जिन नाही, हेही.

सुमनताई_निवृत्त

बरोबर आहे डॉक्टर. आमचा फ्रिज लेबर रूममध्येच होता, म्हणून लिहायचं राहिलं. सिस्टर, तुमचा कुठे आहे?

रात्रपाळी_सिस्टर

पहिल्या मजल्यावर. उद्या खाली आणवते.